तक्त्यातून खोडलेला चंद्र

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सावळीराम मंडलिक, लग्नाच्या वरातीचंसुद्धा वेळापत्रक करणारे गृहस्थ आहेत. माझ्या लग्नात घोड्याला पाणी कधी पाजायचं ते त्यांनी कागदावर लिहून घोडेवाल्याच्या हातात दिलं होतं. घोडेवाल्याला वाचता येत नव्हतं, म्हणून घोड्याशेजारी उभं राहून त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक. जन्मभर गाड्यांच्या वेळा माईकवर ओरडत आलो, तरी घरी आल्यावर मी घड्याळाकडे पाठ करून जेवतो. दाजींचं तसं नव्हतं.

ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी तीस वर्षं नियोजन खात्यात काढली. कुठला भाग कुठल्या दिवशी कोणाच्या टेबलावर जाणार, याचे मोठमोठे तक्ते आखायचे हे त्यांचं काम. काम, कोण करणार, किती वेळ, आणि शेवटी ‘पूर्ण’ असा एक रकाना. काम झालं की तिथे हिरव्या शाईची खूण. मखमलाबादला घरची दीड एकर गुलाबाची बाग होती, तिथेही पाण्याच्या पाळीचा तसाच तक्ता विहिरीच्या खोलीत टांगलेला असे. अक्का, म्हणजे माझी बहीण अंबूबाई, त्या तक्त्याच्या खिळ्याला फुलांची टोपली अडकवायची. एवढाच काय तो तिचा त्या तक्त्याशी संबंध.

पंचाण्णव सालच्या श्रावणात, सकाळी सहाच्या सुमारास, फुलं तोडताना दाजींच्या पायाला नाग चावला. आम्ही त्यांना नाशिक शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत त्यांच्या पापण्या मिटल्या होत्या आणि आठ वाजता श्वास बंद पडला. इंजेक्शनं सुरू झाली, पण ती लागू पडेपर्यंत श्वास कोणीतरी द्यायला हवा होता. यंत्र एकच होतं आणि ते आधीच्या पेशंटला लावलेलं. तेव्हा शिकाऊ नर्सपैकी एक बुटकी, सावळी मुलगी पुढे झाली. तिने नळीला जोडलेली रबरी पिशवी हातात घेतली आणि दाबायला सुरुवात केली. दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. सकाळी आठपासून रात्री दहाला यंत्र मोकळं होईपर्यंत, चौदा तास, त्या पोरीने आमच्या दाजींना हाताने श्वास दिला.

दुपारी तिने पाणी प्यायला म्हणून ती पिशवी माझ्या हातात दिली आणि कसं मोजायचं ते दाखवलं. वीस मिनिटांत माझी बोटं वाकडी झाली. मी मागे वळून पाहिलं तर ती पाणी पिऊन भिंतीला टेकून उभीच होती. तिने पिशवी परत घेतली. त्या वीस मिनिटांमुळे मला चौदा तास म्हणजे काय ते कळलं, आणि म्हणूनच त्या पोरीचं नाव काढलं की आजही माझा आवाज जरा खाली येतो.

दाजींचे डोळे उघडले दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर तिची पाळी बदलली होती. दाजी पाच दिवस खाटेवर होते. सहाव्या दिवशी गुलाबांची टोपली आणि लुगडं घेऊन नर्सच्या क्वार्टरवर गेले, तर कळलं की तिचं प्रशिक्षण संपलं आणि ती आपल्या गावी गेली. नाव सैनबी, गाव लक्षद्वीपकडचं कुठलंसं बेट. एवढंच कळलं. चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता.

पण एक गोष्ट त्यांनी बऱ्याच दिवसांनी मला सांगितली. अंग लाकडासारखं झालं होतं, पापणी हलत नव्हती, पण कान चालू होते. “समदं ऐकू येत व्हतं, सहादू. दाजींच्या पॉलिसीचे कागद कुठं हाईत, असं तू अक्काला इचारलंस, ते बी ऐकलं म्या.” मी शरमेने मान खाली घातली. या एका वाक्यावर त्यांनी मला पुढची कित्येक वर्षं चहा पाजायला लावला आहे. “आन् ती मोजायची,” ते म्हणाले. “ओन्नु, रंडु, मून्नु, नालु. ओन्नुला हवा यायची. मला वाटायचं, ही आता मोजायची थांबली का आपन संपलो. पन नाय थांबली.”

तेव्हापासून दाजी गुलाबाच्या जुड्या ओन्नु, रंडु, मून्नु, नालु असंच मोजत. कुठली भाषा ते त्यांना ठाऊक नव्हतं. कारखान्यातला एक मल्याळी मित्र एकदा फुलं न्यायला बागेत आला, त्याने हे आपल्या मल्याळममधलं एक, दोन, तीन, चार ऐकलं आणि तो चकितच झाला. त्यानेच मग मल्याळमध्ये पत्र लिहून दिलं, तीन-चार बेटांच्या दवाखान्यांना पाठवलं, आणि नव्याण्णव साली एकाचं उत्तर आलं. सैनबी सिस्टर एका अगदी लहान बेटावरच्या दवाखान्यात होती. तिने लिहिलं होतं, नाशिकला असे चार-पाच पेशंट झाले, तुम्ही त्यातले नेमके कोण ते आठवत नाही, माफ करा. बरे आहात हे वाचून आनंद झाला.

मला वाटलं दाजी खट्टू होतील. ते म्हणाले, एवढ्या लोकांना श्वास देणाऱ्या माणसाने कोणाकोणाला लक्षात ठेवायचं? लक्षात ठेवायचं काम आपलं. तिला नाशिकला बोलावलं, तर दवाखान्यात ती एकटीच, सोडून येता येत नव्हतं. तेव्हा आपणच जायचं आणि समोर उभं राहून आभार मानायचे, हे दाजींनी ठरवलं. निवृत्तीची वाट पाहिली. दोन हजार तीनच्या शेवटी निवृत्त झाले आणि चौथ्या दिवशी त्यांनी ओसरीवर नवा तक्ता टांगला.

कोचीहून सुटणारं एक प्रवासी जहाज होतं. ते चार दिवस बेटाबेटांवरून फिरायचं आणि त्यातल्या एका बेटाजवळ एक रात्र मुक्काम करायचं. दुपारी दोनला उतरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत जहाजावर. बेटाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, आणि चुकीचं लिहिलं तर दाजी रागावतील, म्हणून लिहीत नाही. सिस्टरचं लहान बेट त्याच्या समोरच, मध्ये उथळ समुद्र. तिथे जायचा वेगळा परवाना लागला. तो मिळवताना आमच्या नाकीनऊ आले, आणि त्यावर स्पष्ट अट होती: सूर्यास्ताच्या आत मुक्कामाच्या बेटावर परत. म्हणजे वीस तासांच्या मुक्कामात दाजींच्या हाती खऱ्या कामाचे जेमतेम अडीच तास.

या अडीच तासांसाठी त्यांनी अडीच महिने खर्च केले. सिस्टरने पत्रात लिहिलं होतं की तुम्ही कळवलेल्या तारखेला चार वाजता पाणी पूर्ण भरलेलं असेल, होडी थेट दवाखान्याच्या दारात येईल. त्याप्रमाणे तक्ता आखला. चार वाजता होडी. साडेचारला भेट. साडेचार ते चार चाळीस आभार. पुढे वीस मिनिटं सिस्टरची ओटी भरणे. सहाला परत. आणि सर्वांत खाली, रात्री नऊ चाळीस, चंद्रोदय, अंबूबाईंचा उपास सोडणे. कारण ती तारीख नेमकी संकष्टीची होती आणि अक्काने तीस वर्षांत एक संकष्टी चुकवलेली नाही.

आभारांची तर रीतसर चाचणी झाली. दाजींनी हिंदीत भाषण पाठ केलं, अक्काला सिस्टर म्हणून गुलाबाच्या वाफ्यात उभं केलं आणि मला हातात घड्याळ देऊन बांधावर बसवलं. दुसऱ्याच मिनिटाला अक्का रडायला लागली. तिला आवरेपर्यंत दाजी पुढचं वाक्य विसरले. मी म्हणालो, तेरा मिनिटं झाली. दाजींनी भाषणातली चार वाक्यं कापली आणि तक्त्यात ‘रडण्यासाठी दोन मिनिटे’ असं लिहिलं. मी हसलो. आता आठवतं, तर तेव्हा हसायला नको होतं.

अक्काची तयारी वेगळीच. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि घरच्या अंगणातल्या माडाचा नारळ. मखमलाबादेतून नारळ घेऊन लक्षद्वीपला निघालेली जगातली पहिली बाई, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, ओटीचा नारळ आपल्या दारचाच पाहिजे, तू तुझ्या गाड्या मोज. दाजींनी कारखान्याचे जुने लोखंडी टोकाचे बूट पिशवीत घातले. समुद्रावर बूट कशाला, यावरून त्यांनाही मी आठवडाभर छळलं.

निघायला दहा दिवस असताना पत्र आलं की जहाज एक आठवडा पुढे गेलं आहे. रेल्वेची तिकिटं बदलायला मी नाशिकरोडला अर्धा दिवस रांगेत उभा राहिलो. दाजींनी नवा तक्ता आखला. तारखा सात दिवसांनी सरकवल्या, वेळा तशाच ठेवल्या. कारखान्यात तसंच असतं. काम कुठल्याही तारखेला आलं तरी पहिली पाळी सातलाच भरते. संकष्टी आता घरीच होऊन जाणार होती, म्हणून चंद्रोदयाची ओळ त्यांनी लाल शाईने खोडली. अक्काने कालनिर्णय पाहिला, तर नव्या तारखेला एकादशी. उपासातून सुटका नव्हतीच. दवाखान्यात फोन लावला, खरखरीत आवाजात नवी तारीख सांगितली, पलीकडून सिस्टर “अच्छा, अच्छा” म्हणाली आणि फोन कटला.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी आम्ही बेटावर उतरलो. जहाज, समुद्र, माडांची बनं, यांचं वर्णन मी करत बसत नाही. माझं सगळं लक्ष दाजींकडे होतं. ते पावणेचारलाच धुतलेला शर्ट घालून, खिशात तक्ता ठेवून किनाऱ्यावर गेले. अक्काच्या हातात ओटीची पिशवी. होडी होती, होडीवाला होता, पण पाणी नव्हतं. जिथे समुद्र असायला हवा तिथे लांबवर ओली वाळू, पोवळ्याचे खडक आणि गुडघाभर पाण्याची डबकी. होडी वाळूवर एका कुशीवर कलंडून पडली होती.

होडीवाल्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, पाणी आता रात्री दहाला भरेल. दाजींनी खिशातून तक्ता काढून त्याला चारचा आकडा दाखवला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने बोट वर केलं आणि म्हणाला, पाणी चंद्राबरोबर चालतं, रोज पाऊण-एक तास मागे पडतं. मागच्या आठवड्यात चारला भरलेलं होतं. आता चारला रिकामं.

हे मला समजायला वेळ लागला, दाजींनाही. अक्काला एका क्षणात समजलं. तीस वर्षं दर संकष्टीला ती उपाशीपोटी चंद्राची वाट पाहत अंगणात उभी राहिलेली आहे. तृतीयेपेक्षा चतुर्थीला चंद्र किती उशिरा येतो, हे तिच्या पोटाला पाठ आहे.

“अवो, तारीख सरकवली तवा चंद्र बी सरकला ना,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला तक्त्यातून खोडून टाकला. मंग पानी कोनाला इचारून येनार?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, पण दाजी मटकन वाळूवर बसले. मला आधी रागच आला. अर्धा दिवस रांग, परवान्याचे हेलपाटे, दोन हजार किलोमीटर, आणि ज्याने तीस वर्षं विमानांची नियोजनं केली त्याला एवढं कळू नये? आमच्या गोदावरीला भरती-ओहोटी नसते, हे मान्य. पण विचारायला तोंड होतं ना? हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या लहान बेटाकडे बघत होते. तिथला दवाखान्याचा पांढरा ठिपका दिसत होता. नऊ वर्षांत ते त्या बाईच्या इतकं जवळ कधी आले नव्हते, आणि सकाळी दहाला आमचं जहाज सुटणार होतं. मी त्यांच्या शेजारी वाळूवर बसलो.

अक्काने होडीवाल्याला विचारलं, पाणी नाही तेव्हा तिकडची माणसं काय करतात? तो म्हणाला, चालत येतात. तासाभराची वाट. साडेसहाच्या आत परतलं पाहिजे, नाहीतर पाणी चढतं. पायात काहीतरी भक्कम हवं, पोवळी कापतात. दाजी उठले, पिशवीतून लोखंडी टोकाचे बूट काढले आणि नाड्या बांधायला लागले. अक्काच्या नऊवारीचा काष्टा घट्ट होताच. तिला आमच्या मुक्कामाच्या खोलीवरच्या पोऱ्याने रबरी बूट दिले. मी मात्र नाशिकच्या मेनरोडवरून घेतलेल्या नव्याकोऱ्या सँडल घालून निघालो. त्या कुठे तुटल्या ते आता समुद्रालाच माहीत.

होडीवाला पुढे, आम्ही मागे. पायाखाली काळ्या काकड्यांसारखे प्राणी पडलेले, ते चुकवत, डबक्यातून, खडकांवरून. दाजी ओठातल्या ओठात भाषण म्हणत होते. अर्ध्या वाटेवर एक घळ आडवी आली, छातीपेक्षा थोडं कमी पाणी, आणि त्यात ओढ. अक्का थांबली. तिला पोहता येत नाही, आणि ओटीची पिशवी तिने डोक्यावर धरली होती. होडीवाला म्हणाला, बाईमाणसाला इथून नेणं कठीण आहे.

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी चालत येताना दिसलं. डोक्यावर पांढरी ओढणी, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, बुटकी, आता जरा अंगाने भरलेली बाई. फोनवर तारीख ऐकली तेव्हाच तिने पाण्याचा हिशेब केला होता, आणि होडी येणार नाही हे ओळखून ती आमच्या वाटेवर निघाली होती. दवाखान्यात बाळंतीण होती, तिच्यापाशी शेजारणीला बसवून आली होती, फार थांबता येणार नव्हतं. ती न थांबता घळीत उतरली, या काठाला आली आणि तिने अक्काचा एक हात धरला. दुसरा मला धरायला सांगितला. पाऊल सगळ्यांनी एकदम टाकायचं, नाहीतर ओढीत तोल जातो, असं खुणेने समजावलं. आणि मोजायला लागली.

“ओन्नु. रंडु. मून्नु. नालु.”

माझ्या मागचा पाणी कापल्याचा आवाज एकाएकी थांबला. मी वळून पाहिलं. दाजी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. चेहरा वर केलेला, हात अंगाशी. दवाखान्यातल्या खाटेवर होते अगदी तसे. सिस्टर ओन्नु म्हणाली की त्यांची छाती भरत होती. मी पाहिलं ते. नाही म्हणून कोणी सांगावं मला.

पलीकडे पोचल्यावर अक्काने पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यात तिची ओटी भरली. नारळ बघून सिस्टर इतकी हसली की तिला हसू आवरेना. मग अक्काकडे नीट बघत ती हळूच मराठीत म्हणाली, “फुलवाली. घाबरू नका.” दाजी तिला आठवत नव्हते, पण दारात फुलांची टोपली मांडीवर घेऊन बसलेली बाई आठवत होती. घाबरू नका, हे तिने त्या दिवशी अक्काला पाच-पन्नास वेळा म्हटलं असेल. आम्ही दोघं बहीणभाऊ तिथेच रडलो. तक्त्यातली दोन मिनिटं आम्हीच संपवली.

दाजींचं भाषण झालंच नाही. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी नुसते हात जोडले. सिस्टरने त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी लागली असावी, कारण ती घड्याळाकडे बघत होती. मिनिटभराने तिने त्यांचा हात थोपटला, ठीक आहे म्हणाली, आणि होडीवाल्याने पाण्याकडे बोट दाखवलं. परत निघायची वेळ झाली होती. सिस्टरने तसंच मोजत आम्हाला घळीच्या अलीकडे आणून सोडलं आणि ती माघारी फिरली. आम्ही सव्वासहाला किनाऱ्यावर पोचलो तेव्हा कलंडलेल्या होडीखाली पाणी शिरायला लागलं होतं.

नाशिकला आल्यावर दाजींनी तक्ता परत ओसरीवर टांगला आणि हिरवी शाई काढली. ‘होडी’ खोडून ‘पायी’ लिहिलं आणि खोली, परवाना, भेट, ओटी, परत येणे, सगळ्या ओळींपुढे खूण केली. चंद्रोदयाची खोडलेली ओळ पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिली. फक्त आभारांपुढचा रकाना कोरा ठेवला. मी म्हटलं, दाजी, एवढं जन्माचं समाधान घेऊन आलात आणि नेमकं तेच अपूर्ण?

“चौदा तासांचं काम हाय ते, सहादू,” दाजी म्हणाले. “दहा मिनिटं लिव्हली तिथंच माझं चुकलं. आता रोज थोडं थोडं करतो.”

मग ते टोपली घेऊन बागेत गेले. मी चहा पिता पिता ओसरीवरून ऐकत होतो. ओन्नुला एक फूल तुटत होतं.